श्रावणाआधी मुल्ह्वे

रविवार, 22 जून 2025

आजपासून ही वही. लॅबमध्ये रोज नोंदी लिहिते, मग स्वयंपाकघराने काय घोडं मारलंय?

दक्षिण कोरियातल्या फोहांगमधला हा आमचा तिसरा उन्हाळा. दर उन्हाळ्यात योंगइल्देच्या किनाऱ्यावर जाऊन मुल्ह्वे खायचं आणि परत येताना 'घरी करून बघायला हवं' म्हणायचं, असं दोन वर्षं झालं. आज पुन्हा तेच म्हटलं, तेव्हा नवरा म्हणाला, "दरवर्षी म्हणतेस." म्हणून वही.

मुल म्हणजे पाणी, ह्वे म्हणजे कच्चा मासा. पाण्यातला कच्चा मासा, एवढंच नाव. कच्च्या माशाचे बारीक पट्टे, काकडी, कोरियन पेअरचे काप, कांद्याची पात, गोचूजांग म्हणजे आंबवलेली मिरचीची घट्ट चटणी, आणि वर थंड पाणी. होडीवरच्या कोळ्यांचं हे जेवण. हातात वेळ नाही, चूल पेटवायची सोय नाही, तेव्हा जाळ्यातला मासा कापायचा, गोचूजांगमध्ये कालवायचा, पाणी ओतायचं आणि प्यायचं. आता काचेच्या दारांच्या हॉटेलांत मिळतं, सोबत भात आणि माशाच्या डोक्या-काट्यांचं गरम मेउनतांग, म्हणजे तिखट रस्सा.

एक गोष्ट टिपून ठेवते. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी वाडगं आलं तसं पाणी ओतलं नाही. आधी कोरडंच कालवलं, चार-पाच घास खाल्ले, मग जगमधलं पाणी ओतलं. मी नेहमी आल्या आल्या सगळं एकत्र करते. त्यांनी तसं का केलं ते कळलं नाही.

अटी दोन. पहिली, वार पाळायचे. आमच्या देवगडच्या घरी मासे बुधवार, शुक्रवार, रविवार. देश बदलला तरी जिभेला तीच सवय. नवरा सांगलीचा, त्याला यातलं काही नाही, तो नुसता हसतो. दुसरी, 24 जुलैला दीप अमावास्या, 25 पासून श्रावण. श्रावणात मी मासे खात नाही. 24 ला गुरुवार, म्हणजे खरी मुदत बुधवार, 23 जुलै. एक महिना आहे.

बुधवार, 25 जून

आज फक्त चटणी. मासा नाही.

गोचूजांग तीन मोठे चमचे, गोचुगारू म्हणजे त्यांचं लाल तिखट एक चमचा, व्हिनेगर चार, साखर दोन, मेशिलचा पाक दोन, सोया सॉस एक, वाटलेला लसूण. मेशिल म्हणजे कच्ची हिरवी आंबट फळं. जूनमध्ये बाजारात पोत्यांनी येतात आणि घरोघरी समभाग साखरेत घालून बरण्या भरल्या जातात. आपल्याकडे कैऱ्यांचं चालतं तसंच.

गोचूजांग थेट पाण्यात घातलं तर गुठळ्या होतात. आधी व्हिनेगरमध्ये सैल करायचं, मग बाकीचं. ताज्या चटणीला कच्च्या पिठासारखा वास येतोय. फ्रीजमध्ये ठेवली. तिखट भिजून फुगलं की उद्या काय होतं ते बघू.

(गुरुवारी सकाळी चाखली. वास गेला, दाट झाली. चटणी आदल्या दिवशी करायची, हे नक्की.)

रविवार, 29 जून

प्रयोग पहिला. फसला.

सुपरमार्केटमधून क्वांगओचा कापलेला ह्वे आणला. क्वांगओ म्हणजे चपटा मासा, आपल्या लेपीचा मोठा भाऊ म्हणा. घरी आल्यावर हात आपोआप नळाकडे गेले. माशांना तीन पाणी द्यायचीच, हे आईच्या हाताखाली शिकलेलं. कापलेले तुकडे चाळणीत घालून तीनदा धुतले. निथळले. पट्टे केले. चटणी, काकडी, पेअर, बर्फाचे खडे, पाणी, सगळं एकदम.

तुकडे मऊ पडले, कडेने पांढुरके झाले. दातांखाली जो करकर ताण लागायला हवा, ज्यासाठी ही माणसं जिवंत मासा डोळ्यांसमोर मारून घेतात, तो कुठेच नाही. बर्फ विरघळला तसं वाडग्यातलं पाणी वाढत गेलं आणि चव उतरत गेली. शेवटी गुलाबी पाण्यात काकडी पोहत होती.

नवऱ्याने पेअर खाल्लं आणि वरणभात मागितला.

रात्री आईचा फोन. काय केलंस विचारल्यावर सांगून टाकलं. क्षणभर शांतता. मग, "गो, इस्तो नाय काय थंय?" आहे गो आई, विस्तव आहे. गॅस आहे, इंडक्शनसुद्धा आहे.

मंगळवार, 1 जुलै

लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरच्या हालमोनी भेटल्या. हालमोनी म्हणजे आजी. नाव विचारायची इथे पद्धत नाही आणि मलाही गरज वाटलेली नाही. त्या मला 'सेदेक' म्हणतात, नवी सून. लग्नाला आठ वर्षं झालीत हे सांगून पाहिलं, उपयोग नाही.

माझ्या तोडक्यामोडक्या कोरियनमध्ये त्यांना रविवारची हकीगत सांगितली. तुकडे धुतले म्हटल्यावर त्यांनी माझ्या दंडावर चापट मारली. "आधीच पाणी पाजलंस त्याला. मग तो चटणी कुठून पिणार?"

त्यांनी जे सांगितलं ते सुसंगत लिहून काढते, कारण लिफ्टमध्ये ते सुसंगत नव्हतं.

धुवायचा तो अख्खा मासा, वाहत्या नळाखाली, चोळून. उन्हाळ्यात समुद्राचं पाणी तापलं की त्यात व्हिब्रिओ नावाचे जिवाणू वाढतात. इथल्या बातम्यांत दर उन्हाळ्यात त्याची सूचना असते. ते खाऱ्या पाण्यातले, गोड्या पाण्यात टिकत नाहीत, म्हणून नळाचं पाणी. पण ते असतात कातडीवर, कल्ल्यांत, पोटात. एकदा कातडी निघाली की आतल्या मांसाला पाणी लावायचंच नाही. साफ करायची सुरी-पाट वेगळा, कापायचा वेगळा. कापण्याआधी मांस कापडात गुंडाळून कोरडं करायचं.

आणि ज्यांचं यकृत धड नाही त्यांनी उन्हाळ्यात कच्चा मासा खायचाच नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं. हालमोनींच्या घरातल्या कोणाबद्दल असावं, विचारलं नाही.

संध्याकाळी त्या दारात आल्या. स्टीलच्या डब्यात घरचं गोचूजांग. काळपट तांबडं, दुकानातल्यापेक्षा घट्ट. चाटून पाहिलं. जवळजवळ गोड नाहीच, खारट, आणि मागून आंबवलेल्या सोयाबीनचा खोल वास. दुकानातल्या डब्यात साखरेचा पाक किती असतो ते आज कळलं. म्हणजे 25 तारखेचं साखरेचं सगळं माप रद्द.

शुक्रवार, 4 जुलै

प्रयोग दुसरा. या वेळी बाजारातून ताजा कापून आणलेला क्वांगओ, धुतला नाही, सुती पंच्यात गुंडाळून फ्रीजमध्ये अर्धा तास. हात लावल्यावर बोटांना चिकटतो, असा कोरडा. पट्टे करकरीत झाले. इथवर छान.

मग मी हुशारी केली. चव मुरावी म्हणून पट्टे चटणीत कालवून वीस मिनिटं ठेवले. काढले तेव्हा बाहेरून सगळे दुधी पांढरे. व्हिनेगरने मासा शिजवून टाकला होता. आंबटाने प्रथिनं आवळतात. आच नसली तरी मांस शिजल्यासारखं दिसतं आणि तसंच लागतं. चव वाईट नव्हती, पण मुल्ह्वे नव्हतं. माशाचं लोणचं म्हणता आलं असतं.

नवऱ्याला रंग बघून धीर आला. "हा शिजलाय ना?" म्हणत दोन पट्टे खाल्ले. मी त्याला सांगितलं नाही की दिसायला शिजलेला आणि खरोखर शिजलेला यांत फरक आहे. व्हिनेगरने जंत मरत नाहीत. ॲनिसाकिसला तर व्हिनेगरची फिकीरच नाही. त्याला उणे 20 अंशांत सात दिवस लागतात, आणि घरचा फ्रीझर उणे 18 च्या आसपास असतो, म्हणजे त्यावरही विसंबता येत नाही. म्हणून मी पाळलेला क्वांगओ घेते, आणि तोही लगेच पोट काढलेला. सोक्छो शहराकडचे लोक मुल्ह्वेत माकूल भरभरून घालतात. मला फार आवडतं, पण ते समुद्रातलं रानटी, घरी कच्चं घालायची हिंमत नाही. ते हॉटेलात खाईन.

काट्यांचं मेउनतांग केलं, मुळा आणि भरपूर लसूण घालून. त्यावर नवरा खूश. डोकं कोणी खायचं यावरून थोडं भांडण.

रविवार, 6 जुलै

आषाढी. उपास. मासा नाही, लसूण नाही, चाखणं नाही. पण रविवार फुकट कसा घालवणार? बर्फाचा प्रयोग केला. त्याला चाखावं लागत नाही.

सोक्छोच्या पद्धतीत वाडग्यात पाणी नसतं, चटणीचंच सरबत अर्धवट गोठवून, चुरा करून घालतात. घरी ते कसं जमतं ते बघायचं होतं. तीन सपाट पिशव्या, प्रत्येकीत 300 मिली. पहिलीत नुसतं दाशिमाचं पाणी (समुद्री पानांचं, थंड पाण्यात रात्रभर भिजवून). दुसरीत तेच, अधिक चटणी, साखर कमी. तिसरीत चटणी, साखर आणि मेशिल भरपूर. आडव्या ठेवल्या, चार तास.

पहिली: पाटा. खलबत्त्याच्या दगडाने फुटली.
दुसरी: हाताने मोडली, मोठे तुकडे झाले.
तिसरी: पिशवी नुसती दाबली की भुगा.

कारण सोपं आहे. गोठताना पाणी एकटं बर्फ होतं, साखर आणि मीठ मागच्या द्रवात साठत जातं. जितकं साठतं तितका तो द्रव गोठायला नाखूश. म्हणून बर्फाच्या कणांच्या मधे पाक उरतो आणि ढेकूळ हाताने फुटतं. शाळेच्या पुस्तकात मीठ-बर्फाचं आइस्क्रीमचं मडकं असतं, तीच गोष्ट उलट्या बाजूने.

साबुदाण्याची खिचडी बरी झाली. दाण्याचं कूट संपलं.

बुधवार, 9 जुलै

प्रयोग तिसरा. तिसऱ्या पिशवीच्या मापाने गोठवलेलं सरबत, कोरडा क्वांगओ, व्हिनेगर सरबतातच. वाडग्यात मासा आणि भाज्या, वर लाल बर्फाचा डोंगर. फोटो अप्रतिम आला. थर्मामीटर खुपसला, उणे 2.

पहिले दोन घास स्वर्ग. बाहेर असा उकाडा की ऑफिसातून चालत येताना चपला डांबराला चिकटतात, आणि इथे कपाळ आतून गारठलेलं. तिसऱ्या घासाला जीभ बधिर झाली. मासा आहे की काकडी, फक्त चावण्यावरून कळत होतं.

मग उरलेलं वितळू दिलं आणि पुन्हा चाखलं. बापरे, सरबत! इतकं गोड की पिववेना. गार असताना गोडी जिभेला कमी लागते, म्हणून बर्फाच्या मुल्ह्वेत साखर जास्त घालावीच लागते. शिवाय साखर कमी केली तर तो भुसभुशीत चुरा होत नाही, हे रविवारी पाहिलंच. म्हणजे बर्फ हवा तर साखर हवी, आणि दोन्ही मिळून माशाला गिळणार. हॉटेलांचं काही चुकत नाही. भर उन्हात रांगेत उभं राहून आलेल्या माणसाला आधी गारवा हवा असतो. पण मला घरी मासा हवा आहे.

नवऱ्याने सगळं संपवलं. "हेच कर. अजिबात मासा लागत नाही."

रविवार, 13 जुलै

जरा आडवाटेने. मागच्या वर्षी जेजूला सोगविपोमध्ये जारी-मुल्ह्वे खाल्लं होतं. जारी म्हणजे तळहाताएवढा खडकाळ किनाऱ्यावरचा मासा, काट्यांसकट कापतात, बोंबील खाणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. जेजूचं मुल्ह्वे लाल नसतं. तिथे द्वेनजांग घालतात, आंबवलेल्या सोयाबीनची तपकिरी चटणी. वाडगं पुढे आलं, मी वाकले आणि एकदम देवगडच्या स्वयंपाकघरात पोचले. तिरफळं! बांगड्याच्या उडदमेथीचा वास, इथे, या बेटावर?

तिथल्या बाईंनी एक पान दाखवलं, जेपी म्हणाल्या. घरी येऊन शोधलं तर जेपी आणि आपलं तिरफळ एकाच कुळातलं झाड. आपण फळाची साल वापरतो, ते कोवळी पानंही वापरतात. जिभेवर ती जी मुंग्यांची रांग चालते, ती दोन्हींची सारखीच.

आईने दिलेली तिरफळं डब्यात होतीच. जारी इथे मिळाला नाही, गाजामी घेतला, छोटा चपटा, हाडांसकट आडवा कापून. द्वेनजांग दीड मोठा चमचा, व्हिनेगर, कांदा, काकडी, हिरवी मिरची, थंड पाणी.

पहिल्या वाडग्यात तिरफळं घाईत बियांसकट ठेचली. कचकच आणि कडू. माझीच चूक, आईने पाहिलं असतं तर मेउनतांगात मलाच घातलं असतं. दुसऱ्यांदा काळी बी काढून टाकली, साल कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवली, जराशी चेचली, नुसतं ते पाणी घातलं. चार तिरफळांचं पाणी दोन वाडग्यांना जास्त झालं, दोनांचं पुरे. जेपीच्या पानात लिंबाच्या सालीसारखं काहीतरी हलकं असतं, ते तिरफळात नाही. तिरफळ दांडगं. तरी द्वेनजांगशी त्याचं जमतं. गोचूजांगशी नाही जमणार, तिथे दोघंही बोलके.

आईला सांगितलं. कच्च्या माशाचं दुःख विसरून तिने विचारलं, "तिरफळां खंयची? माझी? मगे बरां झाला असतला."

शुक्रवार, 18 जुलै

जुक्दो बाजार. ऑफिसातून लवकर निघाले. पाऊस.

हा पूर्व किनाऱ्यावरचा मोठा मासळी बाजार. हिवाळ्यात इथे खेकडे आणि ग्वामेगीच्या, म्हणजे गार वाऱ्यावर अर्धवट सुकवलेल्या माशाच्या, माळा असतात. आत्ता काचेच्या टाक्या, त्यात क्वांगओ एकावर एक पसरलेले, जणू धुणं वाळत घातलंय.

मासे विकणाऱ्या बाईंना इथे 'इमो' म्हणतात. इमो म्हणजे आईची बहीण. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बाजारातच हसले होते. मासळी बाजारात मावशी म्हणायची पद्धत देवगडवरून इथे आली की इथून तिकडे गेली?

माझ्या इमोकडून आज दोन गोष्टी शिकले. एक, 'च्वाग्वांग उदो'. मासा समोर धरल्यावर डोळे डावीकडे तर क्वांगओ, उजवीकडे तर तोदारी. चपट्या माशांत फसवणूक होऊ नये म्हणून इथल्या पोरांनाही पाठ असतं. दुसरं, मारल्याबरोबर रक्त काढणं. कल्ल्यामागे आणि शेपटीशी काप देऊन पाण्यात धरतात. रक्त राहिलं की वास येतो आणि मांस लालसर दिसतं. हे काम त्या इतक्या भरभर करतात की मी फोन बाहेर काढेपर्यंत मासा सोललेला असतो.

किलोभराच्या माशातून मांस निम्म्याच्या आसपास निघतं. बाकी डोकं-काटे त्यांनी न मागता पिशवीत घातले. आज आणलेला मासा शिजवूनच खाल्ला. कच्च्यासाठी परवा, रविवारी, सकाळी ताजा आणायचा. आजचा कच्चा परवापर्यंत ठेवणं मला पटत नाही.

रविवार, 20 जुलै

छोबोक. कोरियन उन्हाळ्यात अतिउष्णतेचे तीन दिवस मोजतात, त्यांतला पहिला. आज सगळा देश कोंबडीचं गरम सूप पितो. उष्णतेला उष्णतेने हाणायचं. संपूर्ण जिन्यात जिनसेंग आणि लसणाचा वास. आमच्या घरात मात्र थंड मासा, आणि शिकवायला हालमोनी. त्या स्वतः सकाळीच कोंबडी खाऊन आल्या होत्या.

प्रयोग पाचवा. हा माझा नाही, त्यांचा. मी फक्त मोजलं.

मासा 220 ग्रॅम, कापडात कोरडा केलेला, पट्टे अर्ध्या बोटाएवढे. आधी माशाला तिळाचं तेल, एक छोटा चमचा, बोटांनी हळू चोळून. "अंगाला तेल लावतात ना, तसं." तेलाने पट्ट्यावर पातळ आवरण होतं, मीठ आणि आंबट लगेच आत शिरत नाही. 4 जुलैच्या फसगतीवरचा उतारा हा होता तर.

वाडग्यात काकडी आणि पेअर, त्यावर साखर एक मोठा चमचा. आता उन्हाळ्यात पेअर शीतगृहातलं, गेल्या शरद ऋतूतलं, तरी रसाने फुटतं. त्यावर मासा. त्यावर घरचं गोचूजांग दोन मोठे चमचे, थोडं तिखट, लसूण, पात, पेरिलाची पानं हाताने फाडून, तीळ, भाजलेलं समुद्री पान चुरून. कालवा. पाणी नाही, बर्फ नाही.

मी जग उचलला. त्यांनी हात धरला. "आधी खा."

खाल्लं. हे वेगळंच खाणं होतं. गोचूजांग माशाला चिकटलेलं, प्रत्येक पट्टा तिखट-खारट, आणि मधेच पेअरचा गार तुकडा. कोणाला घाई नव्हती. पाच-सहा मिनिटं आम्ही नुसतं खात होतो, त्या त्यांच्या मुलाबद्दल बोलत होत्या. पोस्कोत, इथल्या पोलाद कारखान्यात होता, आता बदली झाली.

मग त्यांनी वाडगं तिरकं करून तळ दाखवला. लाल रस साठला होता. साखर आणि मिठाने पेअर-काकडीतून ओढून काढलेला. मी लगेच मोजपात्रात ओतला (त्या हसल्या), 70 मिली भरला. पाणी न घालताच अर्धं मुल्ह्वे झालं होतं!

"आता."

फ्रीजमधलं नुसतं पाणी, 250 मिली, आणि अगदी शेवटी व्हिनेगर दीड मोठा चमचा. ढवळलं. माशावरची चटणी थोडी सुटून पाण्यात आली, थोडी तिथेच राहिली. त्यामुळे रसा वेगळा लागतो आणि मासा वेगळा. माझ्या आधीच्या सगळ्या वाडग्यांत चटणी पहिल्यापासून पाण्यातच होती, मग माशाला धरायला काही उरतच नव्हतं. योंगइल्देच्या आजोबांचं कोडं सुटलं. ते पाणी विसरले नव्हते, थांबले होते.

थर्मामीटर: 9 अंश. बर्फापेक्षा किती तरी गरम, आणि जीभ शाबूत. साखर आधीच्या मापाच्या निम्मी.

उरलेल्या रश्श्यात भात घालून संपवला. हालमोनींना विचारलं, बर्फाचं तुम्हाला आवडत नाही का? म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी बर्फ होता कुठे?

बुधवार, 23 जुलै

मुदतीचा दिवस. सकाळी सहाला जुक्दो, मासा बर्फात, लंचला घरी. इतका खटाटोप मी प्रबंधाच्या मुदतीसाठीसुद्धा केला नव्हता.

एकटीने केलं. रविवारच्या मापाने, फक्त गोचूजांग दोनऐवजी पावणेदोन, कारण पट्टे थोडे कमी भरले, 190 ग्रॅम. तेल, साखर, थांबणं, पाणी, व्हिनेगर, याच क्रमाने. थांबण्याची पाच मिनिटं सगळ्यात अवघड गेली. हात जगाकडे जातच होता.

जमलं. हालमोनींच्या हातासारखं नाही. पेरिलाची पानं मी सुरीने कापली, ती काळी पडली. पण पट्ट्याला ताण होता, रसा प्यावासा वाटला, आणि नंतर गोडाने तोंड चिकट झालं नाही. सोम्यनच्या शेवया उकडून, थंड पाण्यात चोळून घातल्या होत्या. त्यांची गरज नव्हती. पुढच्या वेळी भातच.

नवऱ्याचा वाडगा: पेअर संपलं, काकडी संपली, रसा प्याला, शेवया संपल्या. मासा कडेला नीट रांगेत लावून ठेवलेला. दोन पट्टे गायब होते, ते खाल्ले असं तो म्हणतो. "चिवट आहे गं." चिवट नाही, त्याला ताण म्हणतात. "बर्फाचं बरं होतं."

रांगेतले पट्टे मी खाल्ले.

शुक्रवार, 25 जुलै

श्रावण लागला. चटणी अर्धी बरणी उरली आहे, पाण्यात न मिसळता टिकेल. मधल्या काळात काकडी, पेअर, कोबी, तेलाऐवजी तिळाचं कूट, आणि पाणी शेवटी, असं बिनमाशाचं करून पाहिलं. चांगलं लागतं. पण त्याला मुल्ह्वे म्हणवत नाही, ह्वेच नाही त्यात. 'मुल' म्हणा.

बुधवार, 30 जुलै

जुंगबोक, मधला दिवस. संध्याकाळी बेल. हालमोनी, हातात मोठा स्टीलचा वाडगा, वर झाकण, अंगठ्याने घट्ट दाबलेलं. आज त्यांनी स्वतः मुल्ह्वे केलं होतं आणि सेदेकसाठी आणलं होतं.

श्रावण म्हणजे काय हे मला कोरियनमध्ये सांगता येईना. देवासाठी, पाऊस, एक महिना, मासे नाही, असे शब्द एकामागून एक टाकले. त्यांनी मान डोलावली. मग वाडगा माझ्यावरून पलीकडे नवऱ्याच्या हातात दिला आणि उभ्या राहिल्या. खाईपर्यंत जाणार नव्हत्या.

तो पानावर बसला. कोरडंच होतं, पाणी घातलेलं नव्हतं. एक पट्टा खाल्ला. दुसरा खाल्ला. त्यांच्याकडे बघून हसला, तिसरा खाल्ला. मी मुद्दाम स्वयंपाकघरात गेले. बाहेरून चमच्याचा आवाज येत राहिला, थांबेना. मग त्याची हाक:

"अगं, पाणी आण. नाही, बर्फ नको."

वाडगा धुऊन ओट्यावर ठेवला आहे. रिकामा परत करायचा नाही. पुढच्या आठवड्यात नारळी पौर्णिमा, नारळीभात करीन तेव्हा तो भरून वर जाईल. नारळ मात्र इथे चांगला मिळत नाही, किसलेला गोठवलेला आणावा लागेल.